अर्पा परत गेली तेव्हा

रूथचे नाव निघाले की अर्पाचे नाव आपल्याकडे आपोआप मागे पडते. सासू-सुनेच्या नात्यावरील प्रवचनांत रूथ आदर्श म्हणून उभी राहते आणि तिची जाऊ अर्पा कर्तव्यापासून ढळलेली सून ठरते. हा निवाडा न्याय्य आहे काय?

कथेचा आरंभ दुष्काळाने होतो. ज्या गावाच्या नावाचा अर्थच ‘भाकरीचे घर’ त्या बेथलेहेमात भाकरी उरली नाही, म्हणून अलीमलेख पत्नी नामी व दोन मुलांसह मवाब देशी गेला. पुढे तिन्ही पुरुष मरण पावले आणि मागे राहिल्या तीन विधवा. मराठवाड्यातील वाचकाला हे परके वाटू नये. १९७२ चा दुष्काळ आपल्या वडीलधाऱ्यांनी सोसला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. नांदेड जिल्ह्यातील मुखेड-कंधारकडून, लातूरच्या जळकोटकडून माणसे ऊसतोडीला जातात. तेथे नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो. नवरा गेला की मागे राहिलेली बाई हिशेबात ‘अर्धा कोयता’ होते. मवाबच्या वाटेवर अशाच तिघी उभ्या होत्या.

नामी दोन्ही सुनांना आशीर्वाद देऊन माहेरी जाण्यास सांगते. दोघीही रडतात, दोघीही प्रथम नकार देतात. नामीने पुन्हा समजावल्यावर अर्पा सासूचे चुंबन घेऊन परतते. पवित्र शास्त्र तिला दोषाचा एक शब्दही लावत नाही. तिला गल्याथाची पूर्वज ठरवले ते पुढील काळातील यहुदी आख्यायिकांनी.

आमच्या मते येथेच कथेचे मर्म आहे. अर्पाचे जाणे पाप असेल, तर रूथचे राहणे केवळ ऋणफेड ठरते. रूथ थोर आहे, कारण तिला जाण्याची मुभा होती. दाराला बाहेरून कडी घातल्यावर आत राहणाऱ्याच्या निष्ठेचे गोडवे कसे गावेत?

मग कर्तव्य कोणाचेच नाही काय? आहे, परंतु शास्त्र ते विधवेवर न लादता शेतमालकावर ठेवते. कापणीच्या वेळी शेताचे कानेकोपरे राखावेत, विसरलेली पेंढी परत आणू नये. ती परका, पोरका आणि विधवा यांची, असा नियमशास्त्राचा दंडक आहे. म्हणून रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचू शकली. आपल्याकडेही काढणीनंतर शेतात सरवा वेचणाऱ्या बाया दिसतात. बवाज मात्र सरव्यापाशी थांबला नाही. त्याने वेशीत दहा वडीलधाऱ्यांसमोर अलीमलेखाच्या जमिनीचा प्रश्न सोडवला. तो तोडगा त्या काळाचा होता. पण दयेने सुरू झालेली गोष्ट हक्कापर्यंत गेली पाहिजे, हा त्याचा बोध काळाबरोबर जुना होत नाही.

आपण विधवा सुनेला रूथ होण्याचा उपदेश करतो, पण स्वतः बवाज होण्याचे टाळतो. सातबाऱ्यावर तिचे नाव लागले की नाही, हे विचारण्याचे धैर्य आपल्या किती जणांत असते? ते विचारल्यावाचून तिच्या जाण्याचा न्याय करण्याचा अधिकार आपणांस पोहोचत नाही.

संत मत्तयाने येशूच्या वंशावळीत रूथचे नाव नोंदवले. अर्पाचे नाव तेथे नाही. तरीही नामीने परमेश्वराच्या नावाने दिलेला आशीर्वाद दोघींसाठी होता. अर्पा माहेरच्या वाटेला लागली, ती तो आशीर्वाद घेऊनच.