मोजणारे आणि मोजले जाणारे

गरिबांना काय द्यावे यावर आपल्याकडे पुष्कळ विचार झाला आहे. त्यांना काय कळते हे विचारण्याचे मात्र सहसा कोणाला सुचत नाही. दिवाळीत मोलकरणीच्या हाती फराळाचे ताट ठेवताना मनाला जे समाधान लाभते ते काही खोटे नव्हे. पण देणारे आपण आहोत, हा त्यातला गोडवा करंजीच्या सारणाहून कमी नसतो! तो घरापुरता असतो तोवर ठीक. झपाट्याने वाढणाऱ्या शहराचा कारभारही त्याच वृत्तीने चालू लागला, म्हणजे मात्र प्रश्न बिकट होतो.

मुंबईतल्या पदपथांवर राहणाऱ्यांचेच पाहा. १९८५ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो असे मानले. पण पदपथ चालण्यासाठी असतो, सबब रीतसर नोटीस देऊन झोपड्या हटवता येतील, असेही ठरवले. जगणे मान्य, जागा अमान्य! त्याच वर्षी ‘स्पार्क’ या संस्थेने पदपथवासीयांना बरोबर घेऊन त्यांची शिरगणती केली, तेव्हा सुमारे ६००० कुटुंबांची नोंद झाली. पुढे भायखळ्याच्या पदपथावरील बायकांनी ‘महिला मिलन’ स्थापन केले, आणि त्या आपल्या भावी घराचा नकाशाही स्वतःच आखू लागल्या. मापाला टेप नव्हती, लुगडी होती. पोटमाळा बसावा म्हणून त्यांनी खोलीची उंची १४ फूट मागितली. शौचकूप मात्र घरात नको, चार घरांत मिळून बाहेर असावा, असे त्यांचे मत पडले.

हे ऐकून सुशिक्षित माणूस नाक मुरडतो. घरातली सोय नाकारणे हे अडाणीपणाचे लक्षण नव्हे काय? पण नळाला पाणी येईलच याची शाश्वती नसताना, सहा माणसांच्या एका खोलीत ती सोय म्हणजे काय, याचा अनुभव कोणाला आहे? स्थापत्यशास्त्रज्ञाला सिमेंट कळते. सहावे माणूस कुठे निजते ते त्या बाईला कळते.

बरे, समजा तिचा निर्णय चुकला. आपणही हौसेने बंगले बांधतो; जिना भलतीकडे जातो, देवघर अंधारात पडते. तेवढ्यावरून आपला नकाशा आखण्याचा हक्क कोणी काढून घेत नाही. चुकण्याची मुभा आपल्याला, आणि गरिबाने मात्र पहिल्याच खेपेस अचूक असावे, हा कुठला न्याय?

अर्थात यात एक लबाडी शिरू शकते. ‘तुमची वस्ती, तुम्हीच सांभाळा’ असे गोड शब्दांत सांगून शहर अंग काढून घेते. बायका बचत करतील, हिशेब ठेवतील, शौचालयाची देखभालही करतील. पण मोठी जलवाहिनी त्यांच्या पैपैशातून कशी यायची? मलबार हिलच्या रहिवाशांना आपले गटार श्रमदानाने बांधा, असे कोणी सांगितल्याचे अद्याप ऐकिवात नाही.