लाइट उशिरा आली ती रात्र

१९ ऑक्टोबर २०१६, बुधवार. हा दिवस माझ्या लक्षात राहिला तो संकष्टीमुळे. आई सकाळीच ओझरला विघ्नहराचं दर्शन घेऊन आली होती. वडील बराखीतला उरलासुरला कांदा घेऊन मंचरला गेले आणि पडलेला भाव ऐकून गप्पगप्प परतले. रात्री आठला आई तिसऱ्यांदा कालनिर्णयात चंद्रोदयाची वेळ बघत होती. त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रपाळीची. उसाच्या कडेनं मोटारीपर्यंत जायचं तर बिबट्याची धास्ती, म्हणून मी बॅटरी घेऊन ओट्यावर बसलो होतो. आई चंद्राची वाट बघत होती, मी लाइटची, आणि वडील बहुधा पुढच्या बाजाराची.

त्याच वेळी आमच्याच तालुक्यात, खोडदला, आणखी कुणी वाट बघत होतं, हे मागाहून पेपरात वाचलं. युरोपचं शियापारेली यान मंगळावर उतरत होतं. सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटरवरून येणारा त्याचा क्षीण रेडिओसंकेत जीएमआरटी या रेडिओदुर्बिणीच्या डिश टिपत होत्या. तिथून निघालेला संकेत इथं पोचायला जवळपास दहा मिनिटं लागत होती. उतरण्याच्या जरा आधी तो थांबला. यानाच्या संगणकाचा उंचीचा हिशेब चुकला होता. जमीन आलीच असं समजून त्यानं पॅराशूट वेळेआधी सोडलं, वेग आवरणारी रॉकेटं तीनच सेकंदांत बंद केली, आणि यान काही किलोमीटर उंचीवरून आदळलं. त्याच्या सोबतचं दुसरं यान मात्र त्याच दिवशी मंगळाच्या कक्षेत नीट स्थिरावलं. मी ओट्यावर बसलो होतो तेव्हा मंगळ नैऋत्येला दिसत असणार. मी काही तिकडे पाहिलं नाही.

२३ ऑगस्ट २०२३ चं तसं नाही. संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ उतरलं तेव्हा आपण कुठे होतो, हे कुणीही सांगेल. मी नारायणगावात चहाच्या टपरीवर होतो. चारच दिवसांपूर्वी कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क बसलं होतं, त्यावरून तावातावानं चाललेलं बोलणं तेवढ्यापुरतं थांबलं. टाळ्या झाल्या, आणि गाडी पुन्हा कांद्यावर आली. त्यात मला काही कमीपणा वाटला नाही. चंद्र जिंकला म्हणून कुणाचं कर्ज फिटत नाही.

पण एक प्रश्न तेव्हापासून सुटत नाही. चांद्रयान जिथून उतरवलं ते बंगळुरू आमच्यापासून कितीतरी लांब, तरी तो दिवस आमचा झाला. खोडद हाकेच्या अंतरावर, तरी २०१६ ची ती रात्र आमची झाली नाही. एखादा दिवस ऐतिहासिक आहे, हे कुणीतरी सांगावं लागतं. सांगणारा नसेल तर तो संकष्टीच्या नावानं जमा होतो.

याला दुसरीही बाजू आहे. रेडिओखगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी या दुर्बिणीसाठी आमचा भाग निवडला तो इथं काही विशेष घडत होतं म्हणून नव्हे. भोवती डोंगर, मोठी शहरं लांब, रेडिओलहरींचा गोंगाट कमी, म्हणून. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. त्यातल्या १४ मध्यभागी एकमेकींजवळ आणि उरलेल्या १६ तीन बाजूंना पंचवीसेक किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. आम्ही ज्याला मागासपण म्हणत होतो, त्याला त्यांच्या हिशेबात शांतता म्हणत होते. ऐकणाऱ्याला गरज असते ती भोवतालच्यांनी गप्प असण्याची, आणि आम्ही आयतेच गप्प होतो.

ही शांतता फुकट मिळत नाही, हेही खरं. मोबाईलचा टॉवर, विजेच्या तारेवर उडणारी ठिणगी, हा सगळा दुर्बिणीच्या कानाला गलबला. गावाला तर टॉवरही हवा आणि वीजही हवी, आणि ही मागणी खोटी नाही. दर २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला शाळेची पोरं खोडदला डिश बघायला जातात. त्यांना आकाशातलं बरंच सांगितलं जातं. ते आकाश ऐकू यावं म्हणून जमिनीवर कोण कसं राहतं, हेही त्यांना सांगावं असं मला वाटतं.

त्या रात्री नऊ वाजून गेल्यावर चंद्र दिसला, आईनं उपास सोडला. लाइट आली साडेदहाला. मी बॅटरी मारत गेलो, स्टार्टरचं बटण दाबलं, ठिणगी उडाली, मोटार गुरगुरली. त्या उशिरावरून मी पुष्कळ दिवस चिडत होतो. आता मनाशी म्हणतो, तेवढा वेळ निदान आमच्या विहिरीवरून तरी मंगळाच्या मध्ये कुणी बोललं नाही.