नफ्यापुरती खासगी

वऱ्हाडातल्या शकुंतला रेल्वेचा विषय निघाला की एक वाक्य हमखास फिरू लागते : स्वातंत्र्याला इतकी वर्षे झाली, तरी यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर या रुळांचे भाडे आपण इंग्रजांना मोजतो. ऐकणाऱ्याचे डोके तापते आणि विचार तिथेच थांबतो. दुसरीकडे खासगीकरणाचे वकील याच गाडीकडे बोट दाखवतात : खासगी रेल्वे आपल्याकडे शतकभर चाललीच की! भांडणारे दोघेही एक गोष्ट धरून चालतात, ही रेल्वे खासगी होती. ती खासगी होती खरी, पण नफ्यापुरती. तोट्याचा धनी आरंभापासून सरकारच होते.

१८५३ ची बोरीबंदर–ठाणे गाडी, नाना शंकरशेट, जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे कंपनीला भांडवलावर मिळालेली ५ टक्के परताव्याची हमी, त्या हमीवर दादाभाई नौरोजींपासून गणेश व्यंकटेश जोशींपर्यंत सर्वांनी उठवलेली झोड, हे सारे वाचकाला ठाऊक आहे. १९०० मध्ये सरकारने जीआयपी विकत घेतली. इथून आपले इतिहासकथन थेट स्वातंत्र्याकडे उडी मारते, आणि शकुंतलेचा उलगडा ज्यात आहे नेमका तोच तुकडा गाळला जातो.

जीआयपीचा अकोला–बडनेऱ्यावरून जाणारा मार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोचला. अमेरिकेतल्या यादवीने वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आणून दिला होता, तेव्हा कापसाच्या बाजारांना मुख्य मार्गाशी जोडायचे होते. १८७० मध्ये जलंब–खामगाव आणि पाठोपाठ बडनेरा–अमरावती या शाखा झाल्या, आणि त्या सरकारी रेल्वे म्हणून. म्हणजे सरकारला शाखा बांधता येत होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र धोरण पालटले. कर्जाचा बोजा वाढू न देता आडमार्गांना रूळ हवे होते, म्हणून शाखा-कंपन्यांसाठी नव्या अटी निघाल्या. जमीन सरकारने फुकट द्यायची, गाड्या मुख्य रेल्वेने चालवायच्या, आणि शाखेचा लाभांश ठरलेल्या टक्क्यांखाली आला तर शाखेमुळे मुख्य मार्गाला मिळालेल्या उत्पन्नातून तो भरून काढायचा. किलिक निक्सन या मुंबईतल्या पेढीने याच साच्यात सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी केली, आणि अडीच फुटी रुळांचा सुमारे १९० किलोमीटरचा शकुंतलेचा मार्ग कापसाच्या मुलखातून गेला. इथे मुख्य रेल्वे म्हणजे सरकारने विकत घेतलेली जीआयपी. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट या रेल्वेमालक घराण्याशी ताडून पाहा. तिथेही सरकारी कृपा कमी नव्हती, पश्चिमेकडच्या कंपन्यांना तर जमिनी खिरापतीसारख्या वाटल्या गेल्या. तरी त्या घराण्याच्या न्यूयॉर्क सेंट्रलचा वारसा चालवणारी पेन सेंट्रल १९७० मध्ये दिवाळखोर झाली, भागधारक बुडाले. शाखा-कंपनीच्या भागधारकावर ती वेळ येऊ नये, अशी तजवीज करारातच होती.

यावर म्हणता येईल, की या अटी नसत्या तर यवतमाळ-अचलपूरला रूळ आणखी कित्येक वर्षे पोचले नसते. हे मान्य. दुष्काळांनी खंगलेल्या त्या काळात खजिन्याकडून फारशी आशा नव्हती. पण स्वस्तात आलेल्या रुळांची किंमत नंतर कोणी मोजली? मूर्तिजापूरला अडीच फुटी वाघिणीतली कापसाची गाठ हमालाने उतरवायची, पाठीवर घ्यायची आणि मोठ्या वाघिणीत चढवायची. ही हमाली कापसाच्याच माथी. पुढे जिनिंगच्या दारात ट्रक उभा राहिला, तेव्हा या दुहेरी उचल-ठेवीपुढे रेल्वेचा टिकाव कसा लागावा? मार्ग रुंद करण्यात कंपनीला हशील नव्हते, कारण लाभांशाची काळजी दुसऱ्याच्या डोक्यावर होती. आणि दुसऱ्याच्या मालमत्तेवर पैसा ओतायला रेल्वे राजी नव्हती. वाफेचे इंजिन या मार्गावर १९९४ पर्यंत धावले. आपल्याला त्याचे कौतुक. तो जिव्हाळा खोटा नाही, पण त्या इंजिनाचे वय म्हणजे न झालेल्या खर्चाचा हिशेब होता.

हा साचा वाईट आहे हे कळायला स्वातंत्र्याची वाट पाहावी लागली नव्हती. रेल्वेच्या कारभारावरच्या १९२०-२१ च्या ॲकवर्थ समितीनेच शाखा-कंपन्यांवर बोट ठेवले होते. तिच्या सदस्यांत श्रीनिवास शास्त्री आणि पुरुषोत्तमदास ठाकुरदास होते. १९५१ च्या सुमारास मोठ्या रेल्वे एकत्र आल्या, १९५४ मध्ये बार्शी लाइट रेल्वेही सरकारने घेतली. शकुंतला मात्र खासगीच राहिली. किलिक निक्सन पुढे भारतीय भांडवलदारांकडे गेली, त्यामुळे ‘इंग्रजांना भाडे’ ही तक्रार पत्ता चुकलेली आहे. गोरा मालक गेला तरी करार जसाच्या तसा चालतो, हे त्या संतापात सुटून जाते.

आज मार्ग ब्रॉडगेज करण्याची मागणी आहे आणि तिच्यात कंपनीला मोबदला देण्याचा प्रश्न दडलेला आहे. तो ठरवताना रुळांची आणि पुलांची किंमत काढणे सोपे आहे. जमिनीचे काय? शाखा-मार्गांच्या अटींप्रमाणे ती सरकारने फुकट दिली असेल, तर तिचे पैसे पुन्हा सरकारने मोजायचे कशाला? मूळ करार अमरावती, अकोला आणि यवतमाळच्या खासदारांनी संसदेच्या पटलावर मागवावा, आणि मोबदल्याचा आकडा त्यानंतरच काढावा.