सही बापाची, वाचन पोराचं

जिवावरचा आजार घरच्यांपासून लपवणाऱ्या पोराची गोष्ट ऐकली की आपण हळहळतो आणि लगेच कौतुकही करतो, केवढं मन घट्ट केलं म्हणून. त्या कौतुकानं मी अस्वस्थ होतो. पोरानं हे आपल्याकडूनच उचललेलं असतं. आजीच्या पोटातल्या गाठीबद्दल दाराआड झालेली कुजबूज त्यानं ऐकलेली असते, 'तिच्या कानावर घालू नका' हे ठरतानाही तो तिथंच असतो. माया म्हणजे लपवणं, हे त्याला घरानंच शिकवलेलं असतं.

मायरा ब्लूबॉन्ड-लँगनर या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी रक्ताचा कर्करोग झालेल्या लहान मुलांचा दवाखान्यात राहून अभ्यास केला. त्यावरचं त्यांचं पुस्तक 1978 साली आलं. कुणी काही सांगितलेलं नसताना ही मुलं आपण मरणार हे ओळखून होती, आणि आईबापांना धीर राहावा म्हणून काही कळलंच नाही असं वागत होती. मोठे मुलांना जपत होते, मुलं मोठ्यांना.

आपल्या नगर जिल्ह्यात, आताच्या अहिल्यानगरात, हा गुंता आणखी वाढतो. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची कितीतरी कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यांकडे निघतात. शिकणारं पोर आजीजवळ मागं राहतं. समजा, अशा एका सोळा वर्षांच्या पोराचा गुडघा सुजलाय. कबड्डीत लागलं असेल म्हणून आजी महिनाभर तेल चोळते. मग नगरला एक्स-रे, पुण्याला तपासणी. त्यासाठी बाप फडावरून येतो, कागदावर सही करतो. पोर अठराच्या आतलं, तेव्हा सही बापाचीच लागते. पण रिपोर्ट इंग्रजीत असतो आणि घरात इंग्रजी वाचता येतं ते फक्त या पोराला. परतीच्या एसटीत बाप विचारतो, "काय लिवलंय रं त्यात?" पोरानं तोवर मोबाईलवर सगळं पाहिलेलं असतं. "काही नाही, साधी गाठ हाय. गोळ्या दिल्यात."

त्या एका वाक्यामागं पुरा हिशोब आहे. खरं सांगितलं तर कोयता थांबेल, मुकादमाची उचल डोक्यावर तशीच राहील, बहिणीचं लग्न लांबेल, माळावरचा एकर जाईल. संदीप सावंत यांच्या 2004 सालच्या 'श्वास' चित्रपटात आजोबांना सगळं कळलेलं असतं आणि नातवाला कसं सांगायचं हा प्रश्न असतो. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेआधी मुलाला कल्पना दिलीच पाहिजे, असा डॉक्टरांचा आग्रह असतो. इथं मात्र बातमी आधी पोराच्याच हातात पडलीय, आणि त्याला ती कशी पेलायची हे सांगणारं कुणी नाही.

त्याचा हिशोबही अपुरा आहे. मुलांचे अनेक कर्करोग वेळेवर उपचार झाले तर बरे होतात. हाडाच्या गाठीतही केमोथेरपी आणि शस्त्रक्रियेनं पुष्कळ मुलं वाचतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. जाण्यायेण्याचा, राहण्याचा, बुडालेल्या मजुरीचा खर्च तरीही उरतो, आणि पोराला तोच दिसत असतो. पण मोबाईलवर शब्द शोधून त्यानं स्वतःला मरणाच्या यादीत घातलं आणि जे दिवस उपचारात जायला हवे होते ते गप्प राहण्यात घालवले, हे मला सहन होत नाही.

गुप्ततेचा हक्क त्यालाही आहे, हे मी मानतो. वर्गात 'बिचारा' म्हणून वावरायचं नसेल, मित्रांना इतक्यात सांगायचं नसेल, तर ते त्याचं त्यानं ठरवावं. आईबापांना कसं सांभाळायचं याचं ओझं मात्र त्याचं नाही.

याच जिल्ह्यात, जामखेडला, रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्यानं 1970 साली काम सुरू केलं. जेमतेम शिकलेल्या बायकांना त्यांनी गावाच्या आरोग्य सेविका म्हणून तयार केलं. कुष्ठरोग, क्षयरोग तेव्हा घराघरात झाकले जात. गावातलीच ओळखीची बाई गावच्या बोलीत बोलू लागली, तेव्हा लोक मोकळे होऊ लागले. मोठ्या दवाखान्यांत अशा माणसाची सोय हवी. आईबाप आणि पोर यांना एकत्र बसवून, मराठीत, घाई न करता सांगणारं कुणीतरी हवं. आई फडावर असेल तर तिला फोनवर घ्यावं, किंवा ती येईपर्यंत थांबावं. हे होत नाही तोवर कोणत्याही डॉक्टरनं तो कागद पोराच्या हातात देऊन "घरी वाचून दाखव" म्हणू नये.