दाखविलेले आणि दिसलेले

शास्त्रात बहुश्रुत असलेला शिष्यही हाताने सराव केलेला नसेल तर कर्मास अपात्र होय, असा निवाडा सुश्रुताने सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात दिला आहे, आणि तेवढ्यावर न थांबता छेदनाचा अभ्यास कोहळ्या-भोपळ्यांवर, वेधनाचा मृत पशूंच्या शिरांवर व कमळाच्या देठांवर, सीवनाचा जाड वस्त्रावर व मऊ चामड्यावर, तर पट्टबंधनाचा घडविलेल्या मानवी पुतळ्यावर करावा, अशी तपशीलवार तजवीजही करून ठेवली आहे. नवशिक्या हाताची चूक जिवंत देहाला भोगावी लागू नये, ही त्यामागची चिंता आजही कायम आहे. बदलली ती सरावाची साधने.

ऑगमेंटेड रिॲलिटी हे त्यांतले अगदी अलीकडचे. तिचा पारदर्शक चष्मा विद्यार्थ्याला भोवतालापासून तोडीत नाही. समोरचा पुतळा, शेजारचा सहाध्यायी, शिक्षकाच्या कपाळावरची आठी हे सारे दिसत असतानाच त्या दृश्यात हृदयाची वा रक्तवाहिन्यांची त्रिमित प्रतिमा येऊन उभी राहते, आणि क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात होलोलेन्स नावाच्या चष्म्यातून शरीररचनेचे पाठ अशाच रीतीने दिले गेले. मला तिची खरी उपयुक्तता वाटते ती मानेतील मोठ्या शिरेत नळी घालण्यासारख्या कृतीत. ही शीर आणि मेंदूकडे रक्त नेणारी धमनी अगदी लगत असतात, सुई धमनीत गेली तर प्रसंग बाका, आणि सोनोग्राफीच्या साहाय्याने शिकणाऱ्याला हात एकीकडे व नजर पडद्याकडे अशी कसरत करावी लागते. चष्मा तीच प्रतिमा सुईच्या टोकाशी आणून ठेवू शकतो.

छातीवर बोटांनी ठोकून आतला रोग ओळखण्याची आवेनब्रुगर या वैद्याची रीत १७६१ साली प्रसिद्ध झाली, आणि कोर्व्हिसार या दुसऱ्या वैद्याने १८०८ मध्ये तिचे फ्रेंच भाषांतर करीपर्यंत वैद्यमंडळींनी तिची फारशी दखल घेतली नाही. तेव्हा केवळ नवी म्हणून एखादी गोष्ट हिणविण्याचा अधिकार वैद्यकाला उरलेला नाही. माझा आक्षेप निराळा आहे. टोरंटोच्या संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात शल्यवैद्यांना मृतदेहाच्या नाकावाटे दुर्बिणीने ठरावीक स्थळ गाठावयास सांगितले होते. ज्यांच्या दृश्यावर मार्गदर्शक आकृत्या उमटत होत्या त्यांची अचूकता सरस ठरली, परंतु वाटेत मुद्दाम ठेवलेली परकी वस्तू, डोळ्यांसमोर असूनही, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या लक्षात आली नाही.

रुग्णपरीक्षेचा कस तर अशा अनपेक्षित गोष्टींतच लागतो. खोकल्याची तक्रार घेऊन आलेल्या माणसाच्या बोटांच्या फुगीर टोकांकडे लक्ष जावे, किंवा पोटदुखी सांगणाऱ्या सुनेचे उत्तर सासू परस्पर देते आहे हे कानांनी टिपावे, यासाठी कोणतीही रंगीत रेषा बोट दाखवीत नसते. म्हणून पहिल्या पाठात ठळक असलेल्या आकृत्या पुढे क्रमाक्रमाने पुसट व्हाव्यात, अखेरच्या पाठांत त्या मुळीच नसाव्यात, आणि पाठाच्या उद्दिष्टाशी असंबद्ध असे एखादे व्यंग पुतळ्यात दडवून विद्यार्थ्याने ते हेरले की नाही यालाही गुण असावेत.

आपल्याकडे २०१९ पासून क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाल्यावर कौशल्य-प्रयोगशाळा हा महाविद्यालयांच्या दप्तरातील नित्याचा विषय झाला आहे, आणि चष्म्यांच्या खरेदीचे प्रस्तावही उद्या तेथे येतील. होलोलेन्सचे उत्पादन मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये थांबविले, ही बाब मंजुरी देणाऱ्या अंमलदारांनी ध्यानी घ्यावी. आणि आकृत्या केव्हा पुसावयाच्या हे प्रत्येक विद्यार्थ्यागणिक ठरविणाऱ्या शिक्षकाच्या वेळेची तरतूद त्या कागदांत नसेल, तर प्रस्ताव शेरा मारून खुशाल परत धाडावा.