मानधन : आत्मनिष्ठ लेखनाचे मूल्य आणि किंमत

'मानधन' हा शब्द मराठी वाङ्मयव्यवहारात इतका रुळला आहे की त्याच्या घडणीकडे सहसा लक्ष जात नाही. वेतन मागता येते, मजुरी ठरविता येते, भाडे थकले तर तगादा लावता येतो. मानधनाच्या बाबतीत यांपैकी काहीच शोभत नाही, कारण तेथे धनाच्या आधी मान आलेला असतो. दैनिकाच्या रविवार पुरवणीकडे किंवा एखाद्या दिवाळी अंकाकडे ललित निबंध अथवा वैचारिक लेख पाठविणारा लेखक शब्दमर्यादा विचारतो, मुदत विचारतो. रक्कम मात्र विचारीत नाही. हा संकोच निव्वळ शिष्टाचाराचा आहे, की त्यामागे लेखनाविषयीची काही नैतिक धारणा आहे, हा प्रश्न तपासून पाहण्यासारखा आहे.

धारणा आहे, आणि ती उथळही नाही. मम्मटाने काव्याची प्रयोजने सांगताना यशाच्या पाठोपाठ अर्थप्राप्तीचा निःसंकोच उल्लेख केला. याउलट, ज्या घरी कीर्तन करावे तेथील अन्नही घेऊ नये, असा दंडक वारकरी परंपरेने सांगितला. मराठी मनावर या दुसऱ्या आदर्शाचा पगडा अधिक आहे. परंतु कीर्तनकार स्वतःविषयी बोलत नसतो. जे त्याचे नाही ते तो श्रोत्यांपर्यंत पोहोचवितो. आत्मनिष्ठ निबंधात लेखकाचा 'मी' हाच आशय असतो. म्हणून येथे प्रश्न अधिक टोकदार होतो. स्वतःच्या आईचे आजारपण, स्वतःचे अपयश किंवा स्वतःचे प्रामाणिक मत यांची किंमत घेतली, तर विकले जाते ते नेमके काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याआधी निबंध या वाङ्मयप्रकारामागचे अर्थकारण पाहावे लागते. १५८० मध्ये आपले निबंध प्रसिद्ध करणारा माँतेन जमीनदार होता. त्याच्या निवांतपणाचा खर्च त्याची जमीन सोसत होती. चार्ल्स लँबचे 'एलिया' या नावाने लिहिलेले निबंध १८२० पासून 'लंडन मॅगझिन'मध्ये येऊ लागले, तेव्हा तो ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत कारकून होता. मराठीतही चित्र वेगळे नाही. १८४८ पासून 'प्रभाकर'मध्ये शतपत्रे लिहिणारे लोकहितवादी सरकारी नोकरीत होते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये 'निबंधमाला' सुरू केली ती सरकारी शाळेत शिक्षक असताना; ती नोकरी त्यांनी १८७९ मध्ये सोडली. लघुनिबंधाला रूप देणाऱ्यांपैकी ना. सी. फडके प्राध्यापक होते, वि. स. खांडेकर शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते; पुढे 'परिपूर्ती' लिहिणाऱ्या इरावती कर्वे डेक्कन कॉलेजात अध्यापन करीत होत्या. या लेखनाचे मोल यामुळे कमी होत नाही. परंतु लघुनिबंधातील तो प्रसन्न, सावकाश, किरकोळ गोष्टींत रमणारा 'मी' अन्यत्र मिळणाऱ्या पगारावर उभा होता, एवढे मान्य करावे लागते. विनामोबदला लेखनाला निःस्वार्थ म्हणताना तो मोबदला दुसरीकडून आलेला असतो, हे विसरले जाते. ज्याला असे दुसरीकडून काही येत नाही, त्याच्यासाठी न मागण्याचा शिष्टाचार म्हणजे न लिहिण्याची सक्ती ठरते.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. मोबदला मिळू लागला की मत देणाऱ्याच्या सोयीचे होते आणि अनुभव घेणाऱ्याच्या आवडीचा होतो. आक्षेप खरा आहे. पण तो नेमका कशावर लागू पडतो, हे पाहिले पाहिजे. सॅम्युअल जॉन्सनला १७५० ते १७५२ या काळात 'रॅम्बलर'च्या प्रत्येक अंकासाठी दोन गिनी मिळत. विषय कोणताही असो, निष्कर्ष कोणताही निघो, गिनी दोनच. रक्कम आधी ठरलेली असल्यामुळे ती मतापासून अलग राहू शकली. याउलट, जेथे रक्कम प्रकाशनानंतर आणि संपादकाच्या मर्जीने ठरते, तेथे लेखकाला पुढील आमंत्रणासाठी ती मर्जी सांभाळावी लागते. तेव्हा मताला धोका आहे तो पैशाच्या अनिश्चिततेचा. 'मान' या शब्दाआड ही अनिश्चितता झाकली जाते.

दया पवारांच्या १९७८ मधील आत्मकथनाचे 'बलुतं' हे नाव या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखे आहे. बलुत्यात वाटा परंपरेने ठरलेला असे, पण तो पदरात पडणे देणाऱ्याच्या मर्जीशी जखडलेले होते. त्यावर बोली करता येत नसे. बलुत्यामागे जातीची सक्ती होती, ती लेखकामागे नाही, म्हणून ही तुलना फार ताणता येणार नाही. तरीही मिळेल ते मुकाट्याने घेण्याची रीत दोन्हीकडे ओळखीची आहे. शिवाय आत्मकथनांच्या यशानंतर एक नवी मागणी निर्माण झाली. वंचित समाजातून आलेल्या लेखकाकडे वेदना मागितली जाते. तो ग्रंथांविषयी किंवा पावसाविषयी लिहू पाहतो, तेव्हा तीच मागणी आडवी येते. येथे किंमत अनुभवाला लागते, लेखनाला नव्हे. ही विक्री मात्र निश्चितपणे आक्षेपार्ह आहे.

यावरून एक भेद स्पष्ट होतो. अनुभव लेखकाचाच राहतो. मतही त्याचेच राहते. मोबदला असतो तो त्या अनुभवाला वाक्यांत बांधण्याच्या श्रमाचा, वेळेचा आणि छापण्याच्या परवानगीचा. कायदाही याच दिशेने बोलतो. स्वतंत्र लेखकाने लेख छापायला दिला, एवढ्याने त्याचा प्रताधिकार हस्तांतरित होत नाही. त्यासाठी लेखी करार लागतो, आणि १९५७ च्या कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर त्या करारात स्वामित्वशुल्क व अन्य मोबदला यांचा उल्लेख अपेक्षित आहे. आकाशवाणीवरील भाषणासाठी शुल्क नमूद केलेले करारपत्र आधी पाठविण्याची रीत जुनी आहे. त्यामुळे वक्त्याचा मान कमी झाल्याचे कोणी म्हटलेले नाही. लेखन कोठे पाठवावे याचा शोध घेणाऱ्या नव्या लेखकाने म्हणूनच नियतकालिकाच्या नावलौकिकाइतकीच त्याची ही रीतही विचारात घ्यावी : रक्कम आधी सांगितली जाते का, पुनर्मुद्रणाचा हक्क कोणाकडे राहतो, आणि देणे शक्य नसेल तर तसे स्पष्ट कळविले जाते का.

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. वर्गणीवर तग धरणारे लहान नियतकालिक लेखकाला काही देऊ शकत नाही, यात लाजिरवाणे काहीच नाही. ते तसे सांगते तेव्हा लेखकाचे देणे खऱ्या अर्थाने देणे होते. विद्यापीठीय अभ्यासकांनी मात्र आपल्या विनामोबदला लेखनाकडे थोड्या कठोरपणे पाहावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने प्रकाशित लेखांना गुण दिले, त्या गुणांचा पदोन्नतीशी संबंध जोडला, आणि पदोन्नतीमागून पगार आला. नियतकालिकाने छदामही न दिलेल्या लेखाची किंमत अशा रीतीने दुसऱ्या खिडकीवर वसूल झाली. ज्याच्यासमोर तशी दुसरी खिडकी नाही, त्या लेखकाने पहिल्याच खिडकीवर 'किती?' असे विचारले, तर त्याला व्यवहारी म्हणण्याचा अधिकार या वर्गाला उरत नाही.