सारंगीवाल्याचा मुलगा

तरुण कलाकाराचा परिचय करून देताना हल्ली निवेदकाला दम लागतो. संगीतकार, गायक, चेलोवादक, शिवाय संगीत संयोजन, शिवाय ध्वनिमुद्रणही स्वतःचंच. टाळ्या पडतात, आणि शेजारच्या खुर्चीतले काका हळूच म्हणतात, ‘एक ना धड...’ पुढचं आपल्याला पाठ असतं.

काकांची धास्ती अगदीच खोटी नाही. पण इंदुरात बसून ही म्हण उच्चारायची तर थोडं दबकून उच्चारावी, कारण ज्या माणसामुळे या शहराच्या नावाचं घराणं झालं, त्याची सुरुवात अशीच भाराभर होती. उस्ताद अमीर खाँ. हातात आधी सारंगी, मामाकडून तबल्याचे धडे, मग गळा आणि पुढे स्वतःच्या बंदिशी.

१९१२ साली जन्मलेल्या अमीर खाँचं बालपण इंदुरात गेलं. वडील शाहमीर खाँ होळकर दरबारातले सारंगिये, भेंडीबाजार घराण्याच्या तालमीतले. मुलगा नऊ वर्षांचा असताना आई गेली. घर तसं पोरकंच, पण सुनं कधीच नाही. दुपार कलली की गवई, बीनकार, सारंगिये घरी जमत, आणि गाण्याबजावण्याच्या गप्पा गाण्यातच होत. त्यांत देवासहून येणारे रजब अली खाँही होते. होळकरांच्या पदरी त्या काळात बुंदू खाँसारखा सारंगिया होता, यावरून या शहराची तेव्हाची श्रीमंती कळावी. आज आपण ज्याला ‘एक्स्पोजर’ म्हणतो आणि त्यासाठी शिष्यवृत्तीचे अर्ज भरतो, ते या पोराला घरातल्या सतरंजीवर फुकट मिळत होतं.

सुरुवातीच्या त्या परिचयातला चेलो आणि या पोराच्या हातातली सारंगी यांचं घर वेगळं, खानदान वेगळं, पण दोघींची गोम एकच आहे. गजाचं वाद्य श्वास घेतं. तार छेडली की तिचा सूर विझायला लागतो. गज मात्र सुराला हवा तेवढा वेळ जिवंत ठेवतो, फुगवतो, बारीक करतो. चेलोचा पल्ला तर पुरुषाच्या आवाजाशी जवळजवळ जुळतो. म्हणूनच नेदरलँड्सच्या सास्किया राव-द हास यांना आपलं राग-संगीत चेलोवर वाजवावंसं वाटलं, आणि मांडी घालून बसता यावं म्हणून त्यांनी वाद्य लहान करून त्याला तरफा लावून घेतल्या. सारंगीत हे सगळं आधीपासून आहे. शिवाय तिची तार बोटाच्या पेरानं दाबत नाहीत, नखाच्या मुळाशी बाजूनं घासत सूर काढतात. तिथली कातडी निबर होते. तिला पडदे नाहीत, खुणा नाहीत, सूर कुठे आहे ते कानानंच शोधायचं. अशा वाद्यावर लहानपण गेलेला मुलगा गायला लागला, तर तो दोन सुरांमधली जागा मोकळी कशी सोडेल?

आणि तरीही त्याला सारंगी खाली ठेवावी लागली. त्याला गाण्याची ओढ दिसल्यावर वडिलांनीच त्याची तालीम गळ्याकडे वळवली. यात कौतुकाइतकीच व्यवहाराचीही बाजू असावी, असं मला वाटतं. सारंगिया म्हणजे साथीदार. त्यातून कोठ्यावरच्या गाण्याशी जोडलेला, म्हणून मैफिलीत मागे आणि बिदागीतही मागे. गवई मधे बसतो. अब्दुल करीम खाँ, बडे गुलाम अली खाँ हेही सारंगी हाताळलेलेच, आणि जग त्यांना ओळखतं ते गवई म्हणून. एका कलेतून दुसरीत जाण्यामागे दरवेळी प्रतिभेचा उमाळाच असतो असं नाही. कधीकधी नुसतं मानाचं पान असतं.

तालीम कसली, तर मेरुखंडाची. सा, रे, ग हे तीन स्वर घ्या. त्यांची मांडणी सहा तऱ्हांनी होते: सारेग, रेसाग, सागरे, गसारे, रेगसा, गरेसा. चौथा स्वर आला की चोवीस, पाचवा आला की एकशे वीस, सहाव्याला सातशे वीस, आणि सात स्वरांच्या पाच हजार चाळीस. शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’त हा हिशेब आहे. कागदावर तो शाळेतल्या गणितासारखा कोरडा दिसतो, आणि तसाच गायला तर कोरडाच वाटतो. पोरवयात तो घोटून घ्यायचा आणि मोठेपणी रागाच्या ओघात असा विरघळवायचा की ऐकणाऱ्याला मोजणी दिसू नये, यात कितीतरी वर्षं जातात. त्या वर्षांची नोंद कुठल्याही परिचयपत्रात येत नाही.

१९३४ मध्ये अमीर खाँ मुंबईला आले. मैफिली केल्या, काही ध्वनिमुद्रिका निघाल्या. गाजावाजा काही झाला नाही. दोन वर्षांनी रायगढच्या राजा चक्रधरसिंहांच्या पदरी राहिले, आणि संस्थानातर्फे मिर्झापूरच्या संगीत परिषदेत गायला बसले. मोठमोठे गवई हजर होते. पंधराएक मिनिटांत श्रोत्यांनी आरडाओरडा करून त्यांना उठवलं. संयोजकांनी सुचवलं, ठुमरी म्हणा, निभावून जाईल. चोविशीतल्या तरुणाला ही वाट किती सोपी होती! त्यांनी नकार दिला. आपलं मन ठुमरीकडे कधी गेलंच नाही, एवढंच कारण. रायगढची नोकरीही जेमतेम वर्षभर टिकली.

मला या कारकिर्दीतली सगळ्यात मोठी घटना हीच वाटते, पुढची पद्मभूषण वगैरे नव्हे. काय काय येतं याची यादी तोवर चांगलीच लांब झाली होती. काय करायचं नाही, हे मिर्झापूरला ठरलं.

त्यानंतर दिल्ली, कलकत्ता, फाळणीनंतर पुन्हा मुंबई. या काळात त्यांनी कुणाचा गंडा बांधून बसण्यापेक्षा कान उघडे ठेवले. अब्दुल वहीद खाँची संथ बढत, रजब अलींची तान, अमान अली खाँचा मेरुखंड, असं तीन दिशांचं एका गळ्यात मुरवलं. झुमऱ्यासारखा ताल इतका विलंबित की पुढच्या समेपर्यंत श्रोत्याने धीर धरावा. आवाज मंद्रात रमणारा. त्यांचा मारवा किंवा दरबारी ऐकताना खर्जातला सूर जसा ताणून धरलेला असतो, त्यात मला तरी गजाची ओढ ऐकू येते. शास्त्रकार हे मान्य करतील न करतील. ‘सुररंग’ या नावानं त्यांनी बंदिशी केल्या. तराण्यातल्या दिर-तोम-तनन अक्षरांना फारसीत अर्थ आहे, असा त्यांचा आग्रह होता, आणि त्याबद्दल त्यांनी लिहिलंही.

आणि हो, चित्रपटही. ठुमरी नाकारणारा माणूस चित्रपटात गायला, याचं सोवळ्यातल्या मंडळींना आजही कोडं पडतं. ‘बैजू बावरा’त (१९५२) ते तानसेनाचा आवाज झाले, समोर बैजूसाठी आपले द. वि. पलुसकर. कथेप्रमाणे तानसेन हरतो, म्हणजे आपल्याहून नऊ वर्षांनी लहान गवयासमोर पडद्यावर हरायचं. ते हरले, आणि गाण्याला कुठेही धक्का लागला नाही. ‘झनक झनक पायल बाजे’चं शीर्षकगीत शांतारामबापूंच्या चित्रपटात वसंत देसाईंकडे गायले, ‘गूंज उठी शहनाई’त बिस्मिल्ला खाँच्या शहनाईबरोबर. प्रत्येक ठिकाणी गातात मात्र तेच अमीर खाँ. चित्रपटाला त्यांच्याकडे यावं लागलं.

काकांना म्हणूनच माझं एवढंच म्हणणं की, चिंध्या मोजू नका, धागा एक आहे का ते बघा. आणि त्या चेलोवादक तरुणाला विचारायचंच असेल तर आणखी काय काय येतं हे विचारू नका. अलीकडे कशाला नाही म्हणालास, ते विचारा. उत्तर द्यायला तो अडखळला तरी बिघडत नाही. विशी-पंचविशीत सगळ्यांचं मिर्झापूर झालेलं नसतं.

त्याच घरातल्या आणखी एकाबद्दल सांगायला हवं. अमीर खाँचा धाकटा भाऊ बशीर. त्यानं सारंगी सोडली नाही, आणि आकाशवाणीच्या इंदूर केंद्रावर तो सारंगीवादक झाला. बाप एक, शहर एक, दुपारच्या त्याच बैठका. एकानं वाद्य खाली ठेवलं, त्याच्या नावानं इंदुरात समारोह होतात. दुसऱ्यानं हातातलं वाद्य धरून ठेवलं आणि गाणाऱ्यांच्या मागे बसून आयुष्यभर सूर दिले. रेडिओवर निवेदकाने गायकाचं नाव सांगितल्यावर ‘सारंगीची साथ’ म्हणून जे नाव पुढे येतं आणि जे आपण कधी नीट ऐकत नाही, त्या यादीतला तो माणूस. एकच गोष्ट धरून ठेवण्याचा काकांचा कानमंत्र तंतोतंत पाळला तो त्यानंच.